रेसिड्यू तपासायची नॅनो गोल्ड स्ट्रिप घ्यावी का? सॅम्पलला तीन आठवडे राहिलेत

दिंडोरी_बागायतदार

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात सहा एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, त्यातले तीन एकर एक्स्पोर्टला रजिस्टर केलेत. प्रश्न लांबलाय पण पूर्ण वाचा ही विनंती.

गेल्या वर्षी एक्स्पोर्टआधी लॅबला जाणारं माझं रेसिड्यूचं (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचं) सॅम्पल फेल गेलं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक किलोला ०.०१४ मिलिग्रॅम आलं, युरोपचं लिमिट ०.०१. आता खरं सांगतो, बागेला मी क्लोरपायरीफॉस मारलेलंच नव्हतं, स्प्रे डायरी अजून कपाटात आहे, तारखेसकट एकेक फवारणी लिहिलेली, मी दोनदा नाही दहादा चाळली, त्यात ते नाव कुठंच नाही. तरी रिपोर्टला आलं. व्यापारी आला नाही, माल लोकलला गेला, किलोमागे जो फरक पडला त्यात सोसायटीचा हप्ता थकला. वर्षभर पोरासारखी बाग सांभाळायची आणि शेवटच्या पंधरवड्यात एका कागदावर सगळं जायचं, घरात आठ दिवस कोणी नीट जेवलं नाही.

यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला त्यामुळे डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारण्या वाढल्या. आता मण्यांत पाणी उतरलंय आणि सॅम्पल तीन आठवड्यांवर आलंय. परवा एक सेल्समन आला. म्हणे नॅनो गोल्ड टेक्नॉलॉजीची स्ट्रिप आहे, मणी चिरडा, पाण्यात हलवा, तीन थेंब टाका, पंधरा मिनिटांत बागेतच रिझल्ट, पीपीबीपर्यंत (शंभर कोटीत एक भाग) पकडते, सगळी औषधं कळतात, लॅबला पाठवायची गरजच नाही. त्याने डेमो पण दिला, एका ग्लासात साधं पाणी आणि दुसऱ्या ग्लासात पाणी आणि औषधाचे दोन थेंब, साध्या पाण्यात लाल रेघा आल्या आणि औषधाच्या पाण्यात एक रेघ गायबच झाली. बघून बरं वाटलं. मोबाईलला जोडायचा रीडर आणि पन्नास स्ट्रिप असं मिळून साडेबावीस हजार सांगतोय.

मुलगा बारावी सायन्सला आहे, तो म्हणतो टेक्नॉलॉजी खरी आहे, त्याने कुठंतरी एन्झाइमवाल्या सेन्सरबद्दल पण वाचलंय. मला एवढंच कळायला पाहिजे की हे माझ्या कामाचं आहे का. गेल्या वर्षी ही स्ट्रिप माझ्याकडे असती तर मी वाचलो असतो का?

नॅनोवाली_पुणे

भाऊ, मी पुण्यात पीएचडी करतेय आणि माझा विषयच हा आहे, सोन्याचे नॅनोकण वापरून अन्नातली विषारी द्रव्यं पकडणं. त्यामुळे आधी सांगते, तुमचा मुलगा बरोबर बोलतोय, टेक्नॉलॉजी खरी आहे. आणि सेल्समनचं शेवटचं वाक्य खोटं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

स्ट्रिपमध्ये सोनं खरंच असतं. सोन्याचे कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे केले (आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो) की ते पिवळे दिसत नाहीत, गर्द लाल दिसतात. फॅरडेने १८५७ मध्येच असं लाल सोनं बाटलीत तयार केलं होतं. प्रकाश पडला की त्या इवल्याशा कणातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून झोके घेतात आणि हिरवा प्रकाश, साधारण ५२० नॅनोमीटरचा, शोषून घेतात, म्हणून आपल्याला लाल दिसतं. हा रंग इतका जोरकस असतो की अगदी थोडे कण एका रेघेत जमले तरी मशीनशिवाय नुसत्या डोळ्याला दिसतात. सगळी जादू एवढीच आहे, आणि मला अजूनही ती रेघ उमटताना बघायला फार आवडतं. एका स्ट्रिपमध्ये सोनं मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्यामुळे किंमत सोन्याची आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता ती काम कशी करते. सोन्याच्या कणांवर अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात, त्या एका ठराविक औषधालाच पकडतात. स्ट्रिपवर टेस्टच्या रेघेला तेच औषध आधीच बांधून ठेवलेलं असतं. तुमच्या रसात औषध नसेल तर सोन्याचे कण वाहत जातात, रेघेवरच्या औषधाला धरतात आणि लाल रेघ येते. रसात औषध असेल तर अँटीबॉडीचे हात आधीच भरलेले असतात, रेघेला धरायला काही उरत नाही, रेघ फिकी होते किंवा येतच नाही. म्हणजे प्रेग्नन्सी किटच्या बरोबर उलटं, इथे रेघ गेली की वाईट बातमी. कंट्रोलची रेघ मात्र दोन्ही वेळा यायलाच पाहिजे, ती नाही आली तर स्ट्रिपच खराब.

यातून एक गोष्ट आपोआप येते, की एक रेघ म्हणजे एक औषध, किंवा फार तर त्याच घराण्यातली दोनचार भावंडं. तीन रेघा असतील तर तीन औषधं. "सगळी औषधं" पकडणारी रेघ जगात कुठंच नाही.

आणि तो डेमो. फवारणीला तुम्ही २० टक्के ईसी क्लोरपायरीफॉस लिटरला २ मिली घेतलं तर त्या पाण्यात ४०० पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) औषध असतं. तुमचं लिमिट ०.०१ पीपीएम. चाळीस हजार पट फरक. ग्लासात दोन थेंब टाकून रेघ घालवणं हे काहीच सिद्ध करत नाही, तुमच्या लढाईची जागा तिथे नाहीच.

सेल्समनला तीन गोष्टी विचारा, बॉक्सवर कोणत्या औषधांची नावं छापलीत, प्रत्येकाची रेघ नक्की किती पीपीबीला जाते, आणि ते आकडे द्राक्षावर काढलेत का नुसत्या पाण्यात. द्राक्षाचा रस आंबट, पीएच ३ ते ४, वर साखर आणि टॅनिन. त्यात अँटीबॉडी बिथरतात. औषध नसतानाही रेघ फिकी पडू शकते. म्हणून एक प्रयोग घरीच करा, जिथे कधीच फवारणी झाली नाही अशा वेलाची द्राक्षं मिळाली तर त्यांचा रस टाकून बघा. तिथे रेघ ठणठणीत आली पाहिजे.

नाना_निफाड

ताईंनी छान सांगितलं. मी सत्तरीला आलोय, मशीनमधलं मला कळत नाही पण "सगळी औषधं" हा शब्द ऐकला की मला २०१० आठवतं म्हणून लिहितो.

त्या वर्षी आमचे रिपोर्ट सगळे पास होते. प्लॉटची नोंदणी होती, ग्रेपनेट, म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षांच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा, २००६ पासून सुरू झालेलं, लॅबच्या माणसाने येऊन सॅम्पल नेलेलं, कागद हातात होता आणि कंटेनर बोटीवर होते, आणि तिकडे युरोपात द्राक्षात सीसीसी सापडलं, क्लोरमेक्वाट क्लोराईड, लिमिट ०.०५ आणि आपल्या मालात त्याच्या वर. नव्या पोरांना माहीत नसेल, सीसीसी आम्ही खरड छाटणीनंतर द्यायचो, काडीची वाढ आवरावी आणि घड चांगले सुटावेत म्हणून, म्हणजे फळ यायच्या कितीतरी आधी, कोणाच्या स्वप्नात नव्हतं की ते वेलीत राहून मण्यात उतरेल. आणि आपल्याकडे तपासायच्या यादीत ते नावच नव्हतं. जे कोणी शोधलंच नाही ते सापडणार कसं. पास म्हणजे यादीतल्या औषधांसाठी पास, एवढाच त्याचा अर्थ होता आणि आम्हाला तो फार महागात समजला.

माझा माल गावातल्या अजून दोघांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये होता. पैसे आले नाहीत. त्यातल्या एकाने पुढच्या दोन वर्षांत बाग काढून टाकली, चांगली बारा वर्षांची बाग होती, कुऱ्हाड चालत होती तेव्हा मी बांधावर उभा होतो. त्यानंतर यादीत सीसीसी आलं, अजून बरीच नावं आली.

म्हणून दिंडोरीकर भाऊ, स्ट्रिप घ्या नाहीतर नका घेऊ, पण तिची यादी आधी वाचा. आणि एक, "बायो" म्हणून जी टॉनिकं येतात त्यांच्यावर पण लक्ष ठेवा, लेबलवर नसलेलं औषध आत असतं असे प्रकार झालेत.

लॅबमधला_माणूस

नानांनी मुद्द्याला हात घातला. मी रेसिड्यू लॅबमध्ये अकरा वर्षं आहे, द्राक्ष सीझनला आम्ही रात्री पण चालू असतो. थोडं आमच्या बाजूने.

आम्ही घड सालीसकट पूर्ण वाटतो, मग इथाइल अॅसिटेट किंवा अॅसिटोनायट्राइलमध्ये औषध उतरवतो, साफ करतो आणि एलसी-एमएस-एमएस, जीसी-एमएस-एमएस या मशीनना लावतो. एका रनमध्ये शेकडो औषधं बघता येतात. तरीसुद्धा सीसीसी त्यात येत नाही, कारण त्याच्यावर विद्युतभार असतो, ते पाण्यात राहणारं आहे, सॉल्व्हंटमध्ये उतरतच नाही, त्याला वेगळी पद्धत लावावी लागते. म्हणजे कोटीच्या मशीनला सुद्धा काय शोधायचं हे आधी सांगावं लागतं, स्ट्रिपची काय कथा.

०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे किती हे बऱ्याच जणांना जाणवत नाही. एका कंटेनरमध्ये समजा १३ टन द्राक्षं, तर सगळ्या कंटेनरमध्ये मिळून ०.१३ ग्रॅम औषध. चिमूटभर मीठसुद्धा त्याहून जास्त भरतं. मणी बोटाने चिरडून पाण्यात हलवला तर क्लोरपायरीफॉससारखं तेलकट औषध सालीच्या मेणालाच धरून बसणार, पाण्यात फारसं येणारच नाही. स्ट्रिप कितीही भारी असली तरी तिच्यापर्यंत औषध पोचायला पाहिजे ना. जाहिरातीत सेन्सरबद्दल बोलतात, सॅम्पल कसं तयार करायचं याबद्दल कोणी बोलत नाही आणि अर्धं काम तेच आहे. तसंच एका मण्याचं. तीन एकरात ब्लोअर (टाकीवाला फवारणी पंप) वळतो तिथे डबल मार बसतो, कडेच्या ओळीत शेजारचं उडून येतं, मधल्या ओळीत काहीच नसतं. दहा मण्यांवर प्लॉट ओळखता येत नाही.

तुमच्या ०.०१४ बद्दल. या पातळीला मोजमापाची अनिश्चितता ५० टक्के धरतात. म्हणजे खरं मूल्य ०.००७ ते ०.०२१ मध्ये कुठेही. युरोपातला अधिकारी कारवाई करताना हा फायदा माल पाठवणाऱ्याला देतो, पण पाठवणारा स्वतः ती जोखीम घेत नाही, म्हणून इथे ०.०१४ म्हणजे फेलच. तुमचं वाईट वाटलं वाचून, पण रिपोर्ट चुकीचा होता असं मला वाटत नाही, कारण क्लोरपायरीफॉस अजून खूप ठिकाणी वापरलं जातं. युरोपने २०२० मध्ये त्याची परवानगी काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लिमिट ०.०१ वर आणलं. मला एक सांगा, गेल्या वर्षी ब्लोअर तुमचा स्वतःचा होता का? टाकी कोणाची?

गोठा_संगमनेर

मी द्राक्षातली नाही पण ही स्ट्रिप आमच्या रोजच्या वापरातली आहे म्हणून लिहिते. आमच्या दूध संकलन केंद्रावर अँटिबायोटिकची स्ट्रिप लावतात, तीच लाल रेघांची, तेच सोनं. गाईला दगडी (कासेची सूज) झाली की कासेत ट्यूब सोडतात, पेनिसिलिन गटातली, आणि मग तितके दिवस दूध वेगळं काढायचं असतं. कोणी घाई करून घातलं तर ते एक कॅन अख्खा टँकर खराब करतं, पुढे दह्याला विरजण लागत नाही, चीजवाले तर टँकर दारातून परत पाठवतात. पेनिसिलिनचं लिमिट ४ पीपीबी आहे आणि स्ट्रिप तिथपर्यंत बरोबर पकडते, दूध तसंच टाकायचं, काही चिरडायचं नाही वाटायचं नाही, गरम ब्लॉकवर काही मिनिटं ठेवायचं आणि रेघ वाचायची.

आधी लोक चिडायचे, माझ्यावरच संशय घेता का म्हणून. आमच्या केंद्रावर मग असं ठरलं की दूध उपचाराखाली आहे हे स्वतःहून सांगितलं तर दंड नाही, फक्त दूध बाजूला. तेव्हापासून लोक आपणहून सांगायला लागले आणि स्ट्रिपा कमी लागायला लागल्या. मला वाटतं आमच्याकडे हे चालतं कारण प्रश्न एकच आहे आणि दूध रोज तेच दूध आहे. द्राक्षाला तसं कुठंय.

जाता जाता माझा पण प्रश्न, अफ्लाटॉक्सिनची स्ट्रिप पण येते म्हणे, ती कशी आहे? यंदा सरकी पेंड आणि मका दोन्ही ओलसर मिळालेत आणि मला त्याची भीती वाटते.

लॅबमधला_माणूस

ताई, भीती योग्य जागी आहे. बुरशी लागलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन बी१ असतं, गाईच्या लिव्हरमध्ये त्याचं एम१ होतं आणि एका दिवसात दुधात उतरतं, उकळून जात नाही. आपल्याकडे लिमिट ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो, युरोपात ०.०५, म्हणजे दहापट कडक. आपल्या ०.५ साठी स्ट्रिप चांगली चालते, घ्यायच्या आधी बॉक्सवर ०.५ आहे का बघा. पण दुधापेक्षा आधी पेंड तपासा, आणि पोत्यातून वरची मूठ नको, बुरशी एका कोपऱ्यात असते म्हणून चार ठिकाणचं काढून दळून मिसळून मग. शंका असलेली पेंड बंद केली की तीनचार दिवसांत दूध सुधारतं.

दिंडोरी_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी समजावून सांगत नाही. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण सांगितलेलं करून बघत होतो.

सेल्समनकडून पाच स्ट्रिपा ट्रायलला मागून घेतल्या, त्याने दिल्या. बॉक्सवर बारीक अक्षरात तीन नावं आहेत, क्लोरपायरीफॉस ५० पीपीबी, कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) १००, इमिडाक्लोप्रिड (कीटकनाशक) ५०. बस. द्राक्षावर तपासल्याचा कागद मागितला तर कंपनीला विचारून सांगतो म्हणाला, अजून फोन नाही.

घरामागे आईने लावलेला वेल आहे मांडवावर, त्याला आजपर्यंत एक थेंब औषध नाही, नातवंडांसाठी ठेवलेला. त्याचा रस टाकला, तर क्लोरपायरीफॉसची रेघ आली पण फिकी, बाकी दोन बऱ्या. आईला सांगितलं तुझ्या वेलात औषध निघालं तर ती रागावली, म्हणाली तुझी पट्टी खोटी आहे. आणि ताईंनी हेच आधी सांगितलं होतं की रस आंबट असल्याने होऊ शकतं.

आता टाकीचं. सर, तुम्ही विचारलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गेल्या वर्षी माझा ब्लोअर पंपात बिघडला होता आणि शेवटच्या तीन फवारण्या भाड्याच्या ब्लोअरने केल्या. तो माणूस टोमॅटोवाल्यांकडे पण जातो. मी त्याला विचारलं टाकी धुतली का, तो हो म्हणाला, मी मान हलवली. डायरीत औषध लिहिलं, ब्लोअर कोणाचा ते लिहिलंच नाही. एक वर्ष मी शेजाऱ्याच्या बांधाकडे बघून मनात राग धरून होतो, तो बिचारा मला दिवाळीला फराळ घेऊन आला होता.

ताई, तुम्ही सांगा, ५० पीपीबीचा हिशोब माझ्या ०.०१४ ला कसा लागतो. आणि मुलगा एन्झाइमवाल्याबद्दल विचारतोय.

नॅनोवाली_पुणे

हिशोब सोपा आहे आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तुमचं ०.०१४ म्हणजे १४ पीपीबी. स्ट्रिपची रेघ ५० ला जाते. म्हणजे गेल्या वर्षी ही स्ट्रिप तुमच्या हातात असती तर तिने "बाग स्वच्छ आहे" असं सांगितलं असतं. आणि रस आंबट म्हणून तो पाण्याने दहापट पातळ केला, जे करावंच लागेल, तर मूळ द्राक्षात ५०० पीपीबी असल्याशिवाय ती रेघ जाणार नाही. याउलट एक पीपीबी पकडणारी स्ट्रिप असती आणि दहापट पातळ केलं असतं तर बरोबर १० पीपीबीला, म्हणजे तुमच्या लिमिटवर लागली असती. तशा स्ट्रिपा प्रयोगशाळांत काही औषधांसाठी झाल्यात. तुमच्या बॉक्समधली ती नाही.

मुलाला सांगा, छान वाचतोस. एन्झाइमवाला म्हणजे असिटिलकोलिनएस्टरेज. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधं किड्याच्या नसेतलं हेच एन्झाइम बंद पाडतात, मग तेच एन्झाइम कार्बन नॅनोट्यूबच्या इलेक्ट्रोडवर बसवलं की ते किती मंदावलं यावरून औषध कळतं. कल्पना सुंदर आहे, पण औषध कोणतं हे ते सांगत नाही, भुरी-डाऊनीची बुरशीनाशकं त्याला दिसतच नाहीत, इमिडाक्लोप्रिड नसेत दुसऱ्या जागी काम करतं म्हणून तेही नाही. आणि गंमतीची गोष्ट, नुसतं क्लोरपायरीफॉस त्या एन्झाइमला फारसं अडवत नाही, त्यात फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं, किड्याच्या शरीरात त्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो तेव्हा ते खरं विष होतं. सेन्सरवर हा बदल आधी मुद्दाम करून घ्यावा लागतो, नाहीतर तो शांत बसतो.

तिसरी एक पद्धत आहे, सोन्या-चांदीच्या कणांवर लेझर मारून औषधाची सही वाचायची, एसईआरएस म्हणतात. २०१० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी सोन्याच्या कणांवर पातळ कवच चढवून ते संत्र्याच्या सालीवर भुरभुरले आणि मिथाइल पॅराथिऑन सालीवरच ओळखून दाखवलं, काही कापायचं नाही वाटायचं नाही. मी तो पेपर वाचला त्या दिवशी ठरवलं की याच विषयात काम करायचं. पण ते सालीवरचं वाचतं. स्पर्शजन्य औषधाला ठीक, आंतरप्रवाही औषध गरात शिरलं की लेझरला ते दिसत नाही.

माझं स्वतःचं काम याच अडचणीवर आहे, रसात कण गुठळ्या होऊ नयेत यासाठी त्यांच्यावर काय चढवायचं. साध्या पाण्यात माझा सेन्सर पहिल्या सहा महिन्यांत चालला. द्राक्षाच्या रसात चालायला तिसरं वर्ष सुरू आहे. त्यामुळे "फळावर तपासलंय का" हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला सांगितला तो पुस्तकातला नाही.

पण भाऊ, तुमची टाकीची गोष्ट वाचून मला एक सुचलं, चार स्ट्रिपा उरल्यात ना? त्या द्राक्षावर वाया घालवू नका. ब्लोअरच्या टाकीच्या धुतलेल्या पाण्यावर वापरा. तिथे रस नाही, साखर नाही, आंबटपणा नाही, नुसतं पाणी आहे, जिथे ही स्ट्रिप उत्तम चालते. आणि आकडे बघा, टाकीत आधीचं ४०० पीपीएमचं द्रावण असेल आणि त्यातलं हजारातलं एक भाग जरी उरलं असेल तरी ०.४ पीपीएम, म्हणजे ४०० पीपीबी. तुमची रेघ ५० ला जाते. आरामात पकडेल. फक्त पाणी टाकीतून नका घेऊ, पंप चालू करून नोझलमधून येणारं घ्या, पाइपात आणि फिल्टरच्या जाळीत जास्त राहतं.

रॉटरडॅमहून

मी मूळचा पिंपळगावचा, इथे फळांच्या आयात वेअरहाऊसमध्ये क्वालिटीला आहे. एकच गोष्ट जोडतो. इथे कायद्याच्या लिमिटवर काम संपत नाही, काही सुपरमार्केट कायद्याच्या एक तृतीयांशच चालेल म्हणतात, आणि वर एका मालात किती वेगवेगळी औषधं सापडली तरी चालतील याचाही आकडा ठरवतात. म्हणजे त्यांना हो-नाही नको, प्रत्येक औषधाचा आकडा पाहिजे. तो लॅबच देणार. ज्यांना परवडतं त्यांनी अधिकृत सॅम्पलच्या आधी आपलं स्वतःचं एक सॅम्पल लॅबला टाकावं, मालाचं वेळापत्रक त्यावरून ठरवता येतं. आपल्या भागाचं नाव पेटीवर वाचलं की अजून छाती भरून येते, सांभाळा बागा.

दिंडोरी_बागायतदार

केलं. काल सकाळी भाड्याचा ब्लोअर बोलावला, माझा पंप दुरुस्त आहे पण मुद्दाम बोलावला. त्याला आधी सगळं खरं सांगितलं, तुझ्यावर आरोप नाही, मला शिकायचंय म्हणून. तो थांबला, त्यानेच नोझल काढून दिले.

पहिलं पाणी, तो म्हणतो धुतलेली टाकी, क्लोरपायरीफॉसची रेघ पूर्ण गायब. कंट्रोलची रेघ ठळक. इमिडाक्लोप्रिडची पण जेमतेम. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग साध्या पाण्याने पूर्ण टाकी भरून सोडली, दुसरी स्ट्रिप, रेघ अजून नाही. मग धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास फिरवलं, फिल्टरची जाळी काढून ब्रशने घासली, त्यातून गाळासारखं निघालं, परत दोनदा साधं पाणी, तिसरी स्ट्रिप, रेघ आली, फिकी. अजून एकदा भरून सोडलं, चौथी स्ट्रिप, तिन्ही रेघा स्वच्छ. ते धुण्याचं पाणी बांधावर किंवा विहिरीकडे जाऊ दिलं नाही, लांब पडीक जागेत खड्डा करून सोडलं.

ब्लोअरवाला म्हणाला माझ्याकडे अजून अकरा जण एक्स्पोर्टवाले आहेत, मला पण एक पाकीट पाहिजे. रीडर न घेता नुसत्या स्ट्रिपा देतो का विचारलंय सेल्समनला, आम्ही पाच-सहा जण मिळून घेऊ.

द्राक्षाचं स्वतःचं सॅम्पल उद्या लॅबला जातंय, कडेच्या ओळी, मधल्या ओळी, वळणाच्या जागा सगळीकडून घड काढलेत, मुलाने नकाशा काढून खुणा केल्यात. अधिकृत सॅम्पल बारा तारखेला. डायरीत आता एक रकाना वाढवलाय, ब्लोअर कोणाचा आणि आधी कुठे चालला. आणि संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाऊन बसलो होतो तासभर.

चारही स्ट्रिपांचा फोटो खाली टाकलाय, डावीकडून पहिली बघा, वरून दुसरी रेघ असायला पाहिजे होती ती जागा.